दहावर चार

आमच्या गावातल्या लेकरांना माझ्या आईनं मोजायला शिकवलं ते सणांवर. बालवाडीला सरकारी तक्ता एकच आला होता आणि त्यावर सफरचंद, जहाज आणि झेब्रा होता. आई म्हणायची, यातलं एकबी लेकरांनी पाहिलेलं न्हाई, मग मोजतील काय आन वाचतील काय. म्हणून तिनं स्वतःची रीत बसवली होती. पोळ्याच्या आठ दिवस आधी ती लेकरांना ओढ्याकाठी नेऊन काळी चिकण माती आणायला लावायची आणि प्रत्येकाकडून एक बैलजोडी करून घ्यायची. जोडी म्हणजे दोन. दोन बैलांची शिंगं चार, पाय आठ. एखाद्याच्या बैलाचा पाय वाळताना गळून पडायचा, मग आठातला एक गेला की किती उरतात हे त्या लंगड्या बैलावरून सगळ्यांना कळायचं. दिवाळीला पणत्या. येळअमावस्येला शेतात कडब्याच्या कोपीखाली चुना लावलेले पाच दगड पुजतात, त्यांना आमच्याकडे पांडव म्हणतात. त्या पाचांवर ती लेकरांना हाताची पाच बोटं टेकवायला लावायची. संक्रांतीला तिळाऐवजी चिंचोके, कारण तीळ मोजायला बसलं की लेकरं फुंकर मारून उडवायची. रमजानच्या ईदला पिंजाऱ्यांची मुमताज पाटीवर चंद्राची कोर काढायची आणि बाकीची लेकरं ‘च’ गिरवायची. पाडव्याला साखरेची गाठी यायची. गाठीतलं एक पदक खाल्लं की उरली किती, ही वजाबाकी मात्र कुणालाच शिकवावी लागली नाही.

आम्ही बौद्ध. यातले निम्मे सण आमच्या घरात होत नव्हते. दादा, म्हणजे माझे वडील, एकदा जेवताना म्हणाले होते की तू त्यांचे सण कामून शिकवायलीस. आई भाकरी थापता थापता म्हणाली, लेकरू ज्याच्यावर डोळे लावून बसलंय त्याच्यावरच ते शिकतं. दादांनी पुढची भाकरी घेतली. ते रेल्वेत गँगमन होते. आठवडाभर पूर्णेला चार माणसांत एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी ताडकळसपर्यंत बसनं आणि तिथून दीड तास पायी घरी यायचे. त्यांच्या कपड्यांना वंगणाचा आणि तापलेल्या खडीचा वास असायचा. येताना दस्तीत बांधून खारी आणायचे. ती खारी चहात बुडवली की वर तेलाचे थेंब तरंगायचे, आणि मी ते थेंब मोजत बसायचे. मोजण्याची खोड आमच्या घरातच होती म्हणायची.

आई सातवी शिकली होती. पुढं परभणीला तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं आणि ती बालवाडीची बाई झाली. खोली पत्र्याची, चावडीला लागून. ती जागा गावातल्या मोठ्या घराची, नानाभाऊंच्या वडिलांनी दिलेली. वरच्या आळीची लेकरं आणि आमच्या वस्तीतली लेकरं तिथं एकाच सतरंजीवर बसायची. गावात तेवढी एकच सतरंजी तशी होती. खाऊ शिजवायचा आणि पाणी द्यायचं काम मदतनीस गयाबाईचं. ती वरच्या आळीची. आईनं शिकवायचं, गयाबाईनं वाढायचं, हे कुणी कधी बोलून ठरवलं नव्हतं, पण आईचा हात पाण्याच्या माठाला लागल्याचं मला आठवत नाही. तहान लागली की आई घरी येऊन पाणी पिऊन जायची. मला ते फार उशिरा दिसलं. लहानपणी वाटायचं, हिला घरचंच पाणी आवडतं.

अक्षरांचंही तसंच. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, कोऱ्या बाजूवर ती बोटाएवढी जाड अक्षरं काढायची आणि कात्रीनं कापायची. बैलजोडीसमोर ‘पोळा’, पणतीसमोर ‘दिवा’. लेकरांना काना-मात्रा कळत नव्हती, पण शब्दाचा चेहरा कळायचा. चार वर्षांचं पोर रस्त्यानं जाताना किराणा दुकानाच्या पाटीवरचा ‘दि’ ओळखून ओरडायचं आणि दुकानदार दचकायचा.

माझ्या नातीच्या शाळेतून आता मोबाइलवर असले कागद येतात. राखीपौर्णिमेला राख्या मोजा आणि रंगवा, दिवाळीला पणतीची जोडी लावा, नाताळला झाडावरचे गोळे मोजा. सून परभणीत दुकानातून त्याच्या रंगीत प्रती काढून आणते. नात जीभ बाहेर काढून रंगवते, आणि मी शेजारी बसून पाहते. परवा एका कागदाखाली ‘घरातील दहा वस्तू मोजून लिहा’ असं होतं. मी तो कागद उचलला आणि उशीखाली ठेवला. सुनेनं विचारलं, तर मी म्हटलं, हरवला असंल कुठंतरी. तिला खरं कारण सांगायचं म्हणजे हे सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून ते इथं लिहिते.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आठवीची परीक्षा संपली होती आणि मी रोज सकाळी आईबरोबर बालवाडीत जायचे. उन्हाळ्याचे दिवस. घरोघरी खाटांवर कुरडया वाळत होत्या, पिठाच्या गिरणीचं इंजिन सकाळपासून पुकपुक करायचं, आणि वारा पडला की दुपारी लांबून पूर्णेकडच्या गाडीची शिटी ऐकू यायची. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकती परतली होती. त्यांची लेकरं सहा महिन्यांत दहापर्यंतचे आकडे विसरून आली होती. पाडवा झाला, गाठी खाऊन संपल्या, आणि आई म्हणाली की आता जयंतीवर शिकवायचं.

लेकरं तोवर दहाच्या पुढं गेली नव्हती. जयंतीची तारीख चौदा. दहा आणि वर चार. आईनं निळ्या घोटीव कागदाचे चौदा झेंडे कापले. मी त्यांना ज्वारीच्या धांड्याच्या काड्या लावल्या. दहा झेंडे एका ओळीत भिंतीवर आणि चार त्यांच्या वर. त्यांच्या शेजारी कॅलेंडरच्या कागदाची दोन मोठी अक्षरं, ज आणि य. आई खूश होती. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, एवढा सोपा शब्द तिला वर्षभरात सापडला नव्हता, असं ती म्हणाली. लेकरं दोन दिवसांत वाचायला लागली. सव्वीस लेकरं एका सुरात ‘जय’ वाचायची आणि चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या माना वळायच्या.

तशात त्या वर्षीची मिरवणूक. दर वर्षी ती आमच्या वस्तीतच फिरून ओढ्याकडून परत यायची. त्या वर्षी आमच्या माणसांनी ठरवलं की ती गावातल्या मोठ्या रस्त्यानं, मारुतीच्या पारासमोरून न्यायची. रस्ता सगळ्या गावाचा होता. वरच्या आळीतून निरोप आला की नेऊन दाखवा. आमच्याकडून उत्तर गेलं की नेऊन दाखवू. त्यानंतर निरोप यायचे बंद झाले, आणि ते बंद होणं मला त्या निरोपांपेक्षा वाईट वाटलं. किराणा दुकानात आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. गिरणीत आमचा डबा शेवटी सरकवला जायचा. कुणी काही वाकडं बोलत नव्हतं.

एका सकाळी नानाभाऊ बालवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, हातात काही नाही. आत आले नाहीत. त्यांनी भिंत डावीकडून उजवीकडे सावकाश पाहिली. लेकरांनी शिकवल्याप्रमाणे नमस्कार केला. त्यांचा पुतण्या दत्तू पुढच्या ओळीत बसला होता, त्यानं काकाला पाहून मोठ्यानं ‘जय’ वाचून दाखवलं.

“बाई, हा जय कुणाचा?” नानाभाऊंनी विचारलं.

“नाना, लेकरांना आजून दोनच अक्षरं येतात,” आई म्हणाली. “पुढचं शिकली की वाचतील.”

नानाभाऊ हसले. लेकरं लवकर शिकतात, जपून शिकवा, एवढं म्हणून ते गेले. त्यांचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. आईनं पदरानं हात पुसले, कोरडेच होते ते, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर बावीस लेकरं होती. त्याच्या पुढच्या दिवशी एकोणीस. वरच्या आळीच्या लेकरांना ताप आला होता, पाहुणे आले होते, मामाच्या गावाला जायचं होतं. गयाबाई आली, पण चूल पेटवली नाही. सरपण ओलं आहे म्हणाली. चैत्रात सरपण ओलं. आईनं ऐकून घेतलं. त्या दिवशी लेकरं न खाता घरी गेली. मग गयाबाईही यायची थांबली आणि माठ रिकामा राहिला. आमच्या वस्तीतली लेकरं तेवढी येत राहिली, आणि वरच्या आळीचा एकटा दत्तू.

दत्तू पाच वर्षांचा व्हायचा होता. त्याचे वडील ट्रकवर ड्रायव्हर, महिना-महिना बाहेर. आई राधाबाई नानाभाऊंच्या घरातच राहायची, त्या मोठ्या घरात मान खाली घालून वावरणारी बाई. दत्तूला घरी ठेवलं की तो दिवसभर रडून सगळ्यांना बेजार करायचा, म्हणून ती त्याला गुपचूप मागच्या दारानं सोडायची. त्याला मोजायचं वेड लागलं होतं. रस्त्यानं येताना तो शेळ्या मोजायचा, दारं मोजायचा, खांबावरच्या चिमण्या मोजायचा, त्या उडाल्या की चिडायचा. आईच्या हाताखालून शेकड्यांनी लेकरं गेली, पण असं लेकरू पुन्हा मिळालं न्हाई, हे मी तिच्या तोंडून ऐकलं आहे.

जयंती चार दिवसांवर आली तेव्हा आईनं लेकरांना घरचा अभ्यास दिला. घरात चौदा असलेली एक तरी वस्तू शोधायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायची. लेकरं पळत गेली. दुसऱ्या दिवशी कुणी सांगितलं, आमच्या कोंबड्या सहा. कुणी सांगितलं, मायच्या हातात बांगड्या आठ, एक फुटली. चौदा कुणालाच सापडलं नव्हतं. दत्तू सगळ्यांत शेवटी उठला.

“बाई, आमच्या गोठ्यात काठ्या दहा हायेत,” तो म्हणाला. “नव्या. शेंड्याला लोखंडाची कडी हाय.”

आईनं विचारलं, बैलांसाठी आणल्या का. दत्तूनं मान हलवली. बैलांना वेगळी असती, तो म्हणाला. आई म्हणाली, बरं, दहा म्हणजे चौदाला किती कमी? त्यानं बोटं उघडली, मिटली आणि सांगितलं, चार. शाब्बास म्हणून तिनं त्याला बसवलं. मी झेंड्याची काडी सोलत होते. ती माझ्या हातात तशीच राहिली.

पुढच्या दिवशी तो खोलीत शिरला तोच नाचत. बसलाही नाही. आईच्या पदराला धरून म्हणाला, “बाई, झाल्या चौदा. काल चार आणल्या. आन रॉकेलचे डबे दोन.” मग त्यानं अजून काहीतरी आठवून, बरोबर काकाच्या आवाजात सांगितलं, “पाराजवळ येऊ द्या. आधी येऊ द्या.”

लेकरं हसली, कारण नक्कल चांगली जमली होती. आईही हसली. मी तिच्याकडे पाहत होते म्हणून मला दिसलं की हसताना तिचा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. तिनं दत्तूला मांडीवर घेतलं, त्याच्या हातात चौदा चिंचोके दिले, गुळाचा खडा दिला आणि सांगितलं की तुझा अभ्यास झाला, आता हे घरी कुणाला सांगायचं न्हाई की बाईला सांगितलं, न्हाईतर बाकीची लेकरं तुझं पाहून सांगतील. तो मान डोलावत गूळ चोखत राहिला. लेकरं गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि माझा दंड धरला. इथं ऐकलं ते इथंच, ती म्हणाली. त्या लेकराचं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये. दादाजवळबी न्हाई.

त्याच दुपारी ती वस्तीतल्या बुजुर्ग माणसांकडे, तुळशीराम बाबांकडे गेली. मी मागोमाग गेले. लिंबाखाली सात-आठ माणसं बसली होती. दादाही रजा टाकून आले होते. आईनं सांगितलं की नानाभाऊंच्या गोठ्यात चौदा काठ्या आणि रॉकेल आहे. कुणी पाहिलं, असं बाबांनी विचारलं. आई म्हणाली, मी. गोठ्यापुढून येताना दार उघडं होतं, मी डोळ्यानं पाहिलं. माझी आई खोटं बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. तिचा आवाज इतका सरळ होता की मलाच क्षणभर वाटलं, पाहिलं असेल.

मग ऊसतोडीहून आलेला एक तरणा माणूस, किसन, म्हणाला की यावर एक सोपा उपाय आहे. बालवाडीची सगळी लेकरं हातात झेंडे देऊन मिरवणुकीच्या पुढं चालवायची, आणि त्यांच्यात नानाभाऊंचा पुतण्याही घ्यायचा. तो तसाही बाईच्या मागं मागं असतो. घरचं लेकरू पुढं दिसलं की कोण काठी उचलतंय. दोघांतिघांनी माना हलवल्या. मलाही ते पटलं, हे लिहायला हवं. तेवढंच काय ते सुचलेलं शहाणपण आहे असं मला वाटलं.

आई उठून उभी राहिली. “लेकरं पुढं घालून मी रस्ता मागणार न्हाई,” ती म्हणाली. “त्यांचीबी न्हाई आन आपलीबी न्हाई. लेकरं त्या दिवशी घरात राहतील.”

मग ठरलं ते असं. तुळशीराम बाबा आणि दादा पोलिसांकडे जाऊन लेखी देतील, मिरवणूक संध्याकाळऐवजी सकाळी आठला निघेल, आणि ती पोलीस आल्याशिवाय निघणार नाही. दोघं उन्हातच निघाले. आई घरी आली आणि तिनं तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायलं.

आता मी केलेलं. त्याच संध्याकाळी मी सगळ्या गावाच्या हापशावर पाण्याला गेले. सुमन तिथं होती, माझी मैत्रीण, किसनची बहीण. हापशाचा दांडा कुरकुरत होता आणि ती कळशी भरता भरता म्हणाली की किसन म्हणतोय, तुझ्या आईनं, कौसाबाईनं, काही पाहिलेलं नाही. मोठ्या घराचा गोठा आतल्या अंगाला आहे, त्याचं दार रस्त्यावरून दिसतच नाही. बाईला मिरवणूक मोडायची असेल, बालवाडीची नोकरी जपायची असेल. हे तिनं वाईट मनानं सांगितलं नाही, ऐकलेलं सांगितलं. पण माझी कानशिलं तापली. माझी आई भित्री आहे, नोकरीसाठी खोटं बोलते, हे मला सोसलं नाही.

मी म्हणाले, “आईनं न्हाई पाहिलं. दत्तूनं मोजल्यात.”

तोंडातून निघाल्यावर मला कळलं. दांडा थांबला होता, म्हणून ते चारचौघांत बोलल्यासारखं मोठ्यानं ऐकू आलं. सुमननं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिला शपथ घातली. तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी कळशी डोक्यावर घेऊन घरी आले. रात्री मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं, मी भ्याले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

जयंतीच्या सकाळी पोलिसांची गाडी आली. त्यांनी आधी नानाभाऊंचा गोठा उघडायला लावला. काठ्या मिळाल्या, चौदा. रॉकेलही मिळालं. नानाभाऊंनी सांगितलं की काठ्या गुराख्यांसाठी आणि रॉकेल कंदिलांसाठी. पोलिसांनी सगळं गाडीत टाकलं आणि गाडी पारासमोर आणून उभी केली. मग मिरवणूक निघाली. मी आईबरोबर होते. पाराच्या दोन्ही बाजूंना वरच्या आळीची माणसं उभी होती, रिकाम्या हातांनी. त्यांनी एक शब्द काढला नाही. आमच्या घोषणाही तिथं आल्यावर बसक्या झाल्या, आणि थोडं अंतर नुसता पावलांचा आवाज आला. नानाभाऊ पाराच्या कट्ट्यावर बसले होते. ते मिरवणुकीकडे पाहत नव्हते. ते एकेका चेहऱ्याकडे पाहत होते, आईच्या चेहऱ्यावर त्यांची नजर थांबली आणि मग तिथून निघून ती समोरच्या घरांवर, स्वतःच्या घराच्या दारावर गेली. त्या दारात राधाबाई उभी होती. ती आत गेली.

मिरवणूक सुखरूप पार पडली. वस्तीत खीर झाली, माणसं हसली, किसननं आईच्या पाया पडून माफी मागितली. सगळे म्हणाले, बाईमुळं वाचलो. मला ती खीर अजून आठवते. गव्हाची, गुळाची, तळाला लागलेली. मी दोन वाट्या खाल्ल्या. वाटलं, झालं, संपलं.

दत्तू सोमवारी आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आई वजनाचा तराजू आणि वही घेऊन निघाली. लेकरांची वजनं घ्यायचं काम तिच्याकडे असायचं, तेवढं कारण पुरेसं होतं. तिनं मला सोबत घेतलं. भर दुपार होती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मोठ्या घराच्या मागच्या दाराशी आईनं हाक मारली. बऱ्याच वेळानं राधाबाई आली. तिनं दार अर्धंच उघडलं. तिच्या मागं, तिच्या लुगड्याला धरून, दत्तू उभा होता. त्याच्या उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत हळद-तेलात भिजलेली चिंधी गुंडाळली होती. बोटांची टोकं बाहेर दिसत होती. ती काळीनिळी होती, सुजून एकमेकींना चिकटलेली. त्यानं आईकडे पाहिलं आणि तो हात पाठीमागं लपवला.

आईनं विचारलं, काय झालं. राधाबाई म्हणाली, पडला. आईनं विचारलं, दवाखान्यात नेलं का. राधाबाई म्हणाली, न्यायचं न्हाई म्हणले. मग आतून कुणीतरी खाकरलं आणि तिनं दार आणखी ओढून घेतलं. फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता.

“बाई, तुमी शिकवलं ते लय चांगलं शिकवलं,” ती हळूच म्हणाली. “आता इसरायचं कसं तेबी शिकवा त्याला.”

दार लागलं. आतून कडी पडली. आई तराजू हातात धरून उभी होती आणि त्याचं रिकामं पारडं हलत होतं. ती रडली नाही. आम्ही परत निघालो. ओढ्याच्या उतारावर, मी मागं आणि ती पुढं, ती न थांबता, मागं न बघता म्हणाली,

“निमे, तू हापशावर गेलीस तवा तिथं कोण कोण होतं?”

माझ्या पायाखालची वाट तापलेली होती. मी म्हणाले, कुणी नव्हतं. ती चालत राहिली. तिच्या चालण्यात काहीच बदललं नाही.

ती त्याच संध्याकाळी ताडकळसला गेली आणि तिथल्या डॉक्टरांना हातापाया पडून गावात घेऊन आली. त्यांना नानाभाऊंनी ओट्यावर चहा पाजला आणि लेकरू मामाच्या गावाला गेलं असं सांगितलं. ते तेव्हा खोटं होतं. चार दिवसांनी खरं झालं. देवगाव फाट्याकडचं कुठलं तरी गाव होतं, राधाबाईचं माहेर. तिलाही त्याच्याबरोबर पाठवलं. आईनं दोनदा त्या गावाचं नाव काढायचा प्रयत्न केला, कुणी सांगितलं नाही. पाऊस पडायच्या आत दादांनी पूर्णेला खोली मिळवली आणि आम्ही गाव सोडलं. पुढं मी तिथंच शिकले, तिथंच लग्न झालं.

दत्तूबद्दल मला पुढं कळलं ते एवढंच की तो मोठा झाला, ट्रॅक्टर चालवतो, आणि सही डाव्या हातानं करतो. हे ज्यानं सांगितलं त्याला मी दुसरं काही विचारलं नाही.

आईला पूर्णेत दुसरी बालवाडी मिळाली. तिनं तिथंही पोळा, पणत्या, गाठी, झेंडे, सगळं शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. फक्त घरचा अभ्यास तिनं पुन्हा कधी दिला नाही. एका लेकराच्या आईनं तिला माझ्यासमोर विचारलं होतं की बाई, घरी करायला काही देत का नाही. आई म्हणाली, घरातलं घरात राहू द्या. शेवटच्या आजारात ती सहा महिने माझ्याजवळ होती. मी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, केस विंचरले. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही आणि मीही उत्तर बदललं नाही.

हापशावर तिघी होतो. मी होते. सुमन होती. आणि पलीकडच्या अंगाला, आमचं पाणी भरून व्हायची वाट बघत, घागर घेऊन गयाबाई उभी होती. मी तिला पाहिलं होतं. बोलायच्या आधी पाहिलं होतं.